पाचव्या फेरीतलं नाव

लिफ्टची वाट बघताना सुहैरचं बोट मोबाइलवर भलतीकडे पडलं, आणि एकट्या तिच्या कानासाठी आलेलं इनायातचं रडणं हॉटेलच्या अकराव्या मजल्यावर उभ्या असलेल्या पंधरावीस माणसांनी ऐकलं. "सुहैर, अगं सुहैर! बोलला गं! फिक्री बोलला! काल, मंगळवारी, दुपारची असरची बांग झाली, मी त्याला कुशीवर वळवत होते, तर मला हाक मारली, नूना! स्पष्ट म्हणाला. तीन महिने झाले गं, तीन महिने त्या तोंडातून एक शब्द निघाला नव्हता. हे तू केलंस. तू तिथं काब्यासमोर उभी राहून त्याचं नाव घेतलंस म्हणून झालं. कधी घेतलंस? काल ह्याच वेळेला ना? कितव्या फेरीत? मला सगळं नीट सांग, मला वेळ जुळवून बघायचीय..." पुढे नुसतंच रडणं होतं. ते बंद करायचं बटण सुहैरला सापडेना, कारण चष्मा राहिला होता खोलीत, अवातिफच्या उशाशी. मग तिने मोबाइल पोटाशी धरून ओढणीखाली दाबला, तर तिथूनही तो रडतच राहिला.

रडणं थांबलं तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते. तान्ताहून आलेली एक ऐसपैस बाई, जिने काल ह्याच लिफ्टमध्ये सुहैरच्या बरगडीत कोपर खुपसून जागा मिळवली होती, ती पुढे झाली आणि तिने सुहैरचे दोन्ही गाल पटापट चुंबले. "मुबारक हाज्जा, मुबारक! कोण लागतो तुझा?" सुहैर म्हणाली, "मैत्रिणीचा नवरा." "मैत्रिणीच्या नवऱ्यासाठी एवढं! मग सख्ख्या माणसासाठी काय करत असशील!" तेवढ्यात सोहागकडची एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिने सुहैरचा हात घट्ट धरला. "माझ्या नातवाचं नाव घे. शरीफ, हमीदाचा मुलगा. मूत्रपिंडं गेलीत दोन्ही. हमीदाचा म्हणायला विसरू नकोस हं, आईच्या नावाशिवाय मागितलेलं म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट." तिच्यामागून आणखी कुणी रशादचं नाव दिलं, कुणी लवाहिझच्या मुलीचं. ज्यांच्या आईचं नाव गल्लीत कुणी मोठ्याने उच्चारलं तर डोकी फुटतील, अशा माणसांनी आपापल्या आया, सासवा, सुना उघड्यावर आणून सुहैरच्या ओंजळीत ठेवल्या. लिफ्ट आली ती नेहमीसारखी खच्चून भरलेली, पण आज कुणीतरी म्हणालं, "ह्यांना आधी जाऊ द्या," आणि आतल्या माणसांनी श्वास आत ओढून जागा केली. पाच दिवसांत त्या लिफ्टमध्ये सुहैरला जागा करून दिली गेली ती ही पहिलीच वेळ. तिने तेव्हाच म्हणायला हवं होतं, की नाही हो, माझं त्यात काहीही नाही. ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह." हे खोटं नव्हतं. पण तेहेतीस वर्षं मुलींना गणित शिकवलेल्या बाईला, खोटं नसणं आणि खरं असणं ह्यांतला फरक कळत होता.

कारण तिने ते नाव घेतलंच नव्हतं. विसरली होती म्हणावं तर तसंही नाही. विसरण्याबद्दल माफी मागता येते, ते काय, माणसाच्या मागे लागलेलंच आहे. सुहैरने नाव वाचलं होतं, डोळ्यांसमोर धरलं होतं, आणि मग वहीचं पान उलटलं होतं.

ही सहल मुळात इनायातची. अलेक्झांड्रियातल्या बाकोस भागातली मुलींची शाळा, तिथे इनायात उपमुख्याध्यापिका, सुहैर गणिताला, तहानी अरबीला, अवातिफ गृहशास्त्राला. तीन वर्षं इनायात ह्या उमऱ्याचं, मक्केच्या ह्या यात्रेचं, घोकत होती. पासपोर्टचे फोटो तिने तिघींना हाताला धरून नेऊन काढवले, आणि अवातिफने डोळे मिटले म्हणून सगळ्यांना दुसऱ्यांदा नेलं. बॅगेत काय असावं ह्याची यादी तिने टाइप करून प्रती वाटल्या होत्या. त्यात 'सेफ्टी पिना: अकरा' असं होतं, आणि अकराच का, हे विचारायची तिघींची टाप नव्हती. ऑक्टोबरात तिचा नवरा, तिघी आदराने म्हणत ते उस्ताद फिक्री, न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जानेवारीतल्या शाळेच्या सुट्टीसाठी चौघींची एक खोली ठरलेली होती, ती तिघींची झाली. हॉटेलवाल्यांनी चौथी खाट मात्र काढली नाही. पहिल्या संध्याकाळी त्या खाटेकडे बघून तहानीचे डोळे भरून आले. दुसऱ्या सकाळी तिच्यावर बॅगा आल्या. दुपारी अवातिफने वर्तमानपत्र पसरून तिच्यावर रूमी चीज, तिळाचा हलवा आणि उकडलेली अंडी मांडली, आणि त्यानंतर ती खाट जेवणाचं टेबल होऊन बसली.

आणि खरं सांगायचं तर मजा आली. हेच सुहैरला आता टोचत होतं. त्रास काय कमी होता? तहानी न्हाणीघरात शिरली की तासभर बाहेर येत नसे. दार वाजवलं तर आतून आयत म्हटल्यासारखा सूर काढी, म्हणजे बोलताच यायचं नाही. अवातिफला थंडी वाजे आणि तहानीला उकडे, त्यामुळे भिंतीवरचं यंत्र दर अर्ध्या तासाने आकडा बदलत असे. अवातिफने घरून मुलुखिय्याची सुकवलेली पालेभाजी आणली होती, ती तिने हॉटेलच्या चहाच्या किटलीत शिजवली, आणि मग दोन दिवस चहाला हिरवी तार सुटत होती. एकदा तिघी हरमच्या, काब्याभोवतीच्या त्या मशिदीच्या, भलत्याच दरवाजाने बाहेर पडल्या आणि दीड तास उन्हात चालल्या. त्या चालण्यात सुहैर आणि तहानी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि चूक कुणाची ह्यावर नंतर वचावचा भांडल्या. पण त्याच दुपारी त्याच तहानीने सुहैरचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळले. अवातिफने मिठाचं गरम पाणी आणून दिलं. आणि तिघी कॉलेजातल्या पोरींसारख्या काहीच कारण नसताना हसत सुटल्या, इतक्या की पलीकडच्या खोलीतल्यांनी भिंत ठोकली. हसू ओसरल्यावर अवातिफ म्हणाली, "इनायात असती तर एव्हाना आपल्याला उठवून रांगेत उभं केलं असतं." तहानी म्हणाली, "आणि पिना मोजल्या असत्या." "अल्ला माफ करो," तिघी एकदम म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या. सर्वांत जास्त सुहैर हसली. नवरा गेल्यापासून आठ वर्षांत ती अशी मोकळी हसली नव्हती, आणि ते मोकळेपण कुठून येतंय हे तिला तेव्हाच कळलं होतं. चौथी खाट रिकामी होती म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी ती इनायातकडे गेली होती. बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला सारून मधोमध पलंग मांडलेला. पावडर, औषध आणि त्याखाली न जाणारा तो वास. उस्ताद फिक्रींचे डोळे तेवढे जिवंत. ते दारापासून खुर्चीपर्यंत सुहैरच्या मागोमाग आले. पूर्वी हा माणूस टपाल खात्यात होता. चौघी बाल्कनीत गप्पा मारत बसल्या की न बोलावता चहा आणून ठेवी, आणि चहा ठेवताना प्रत्येकीला किती साखर लागते ते बरोबर लक्षात असे. इनायातने त्यांच्या नळीत पिचकारीने सूप सोडलं, तोंड पुसलं, मग सुहैरला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटलं. तिच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. दर दोन तासांनी त्यांना वळवून वळवून ते लचकलं होतं. तिने सुहैरचे खांदे धरले, शाळेत मुलींचे धरायची तसेच, जरा जास्तच जोरात. "हे बघ. मला खजूर नको, जपमाळ नको, अत्तर नको. एक नाव घे. फिक्री, नबविय्याचा मुलगा. लिही." सुहैरने वहीत लिहिलं. "अवातिफला नाही सांगत, ती रडत बसेल आणि विसरेल. तहानी सजवून सांगेल. तू जे आहे ते बोलतेस. तुझं ऐकलं जाईल." ह्या बाईला नाही म्हणायचा सुहैरला हक्कच नव्हता. सुहैरचा नवरा महमूद एका दुपारात गेला, सकाळी दाढी केलेला माणूस संध्याकाळी मातीत, तेव्हा हीच इनायात चाळीस दिवस सुहैरच्या घरी येऊन राहिली होती. भेटायला येणाऱ्या बायकांना तिने वेळ लावून दिली होती, रेंगाळणाऱ्यांना हातात चपला देऊन घालवलं होतं. सुहैर भिंतीकडे तोंड करून पडली की ही तिला वळवून भरवी. तेव्हा तो जाच वाटला होता. त्या जाचानेच ती उठून उभी राहिली होती.

शनिवारी सकाळी तिघींनी उमरा केला. काब्याभोवती सात फेरे, आणि तहानीने विमानातच त्यांची वाटणी करून दिली होती: पहिला आईबापांसाठी, दुसरा मुलांसाठी, तिसरा स्वतःसाठी, असं करत करत पाचवा 'ज्यांनी नावं दिली त्यांच्यासाठी'. सुहैर वही उघडून चालत होती. पायाखाली थंडगार संगमरवर, चहूबाजूंनी माणसांची ऊब, एक संथ ओढ, जिच्यात आपण चालतोय की नेले जातोय ते कळत नव्हतं. पहिल्या फेऱ्यापासून तिच्या डोळ्यांना धार लागलेली. तिला वाटत होतं की इथे आपल्या आणि अल्लाच्या मध्ये काहीच नाही, ओठांचीसुद्धा गरज नाही. आणि तेच तिला नडलं. पाचव्या फेऱ्यात ती नावं घेत गेली. शेजारणीच्या मुलीचं लग्न. रखवालदाराचा पाय. इमारतीची लिफ्ट दुरुस्त होवो, हेसुद्धा तिने मागितलं, कारण चौथ्या मजल्यावरच्या काकींनी तसं लिहून दिलं होतं. मग आलं, फिक्री, नबविय्याचा मुलगा. आणि तिच्या नाकात तो वास आला. ते डोळे दिसले, ती पट्टी दिसली. आणि ओठ हलायच्या आधी मनाने साफ, स्वच्छ शब्दांत म्हटलं: सोडव त्यांना. घेऊन जा.

ती दचकून थांबली. मागून येणाऱ्या, एकसारख्या जांभळ्या ओढण्या घेतलेल्या इंडोनेशियाच्या बायका तिच्या पाठीवर आदळल्या, कुणीतरी "माफ करा" की काय म्हणालं, ती पुढे ढकलली गेली. हे काय मागितलं आपण? ते दयेपोटी होतं असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पण जिथे ओठांची गरज नाही तिथे सबबी तरी कशा चालणार! तिला ठाऊक होतं. परत गेल्यावर आठवड्यातून तीनदा त्या खोलीत जाऊन बसायचं, इनायातला सुट्टी म्हणून ती पिचकारी हातात घ्यायची, ह्याचा तिला कंटाळा आला होता, भीती वाटत होती. आपली सुटका व्हावी म्हणून तिने एका माणसाचं मरण मागितलं होतं. त्यावर लगेच, त्याच तोंडाने, त्यांना बरं कर, म्हणायला तिची जीभ उचलेना. ते तर सरळसरळ खोटं झालं असतं, आणि तेही तिथे. तिने पान उलटलं. उद्या म्हणू, मन साफ झालं की म्हणू, असं ठरवलं. उद्याचं परवा झालं, परवा तिला कणकण होती, नंतर अवातिफला सुनेसाठी कापड घ्यायचं होतं. रोज पाच वेळा ती हरममध्ये जात होती आणि रोज त्या एका नावाला वळसा घालून परत येत होती, रस्त्यात उधारीवाला उभा असल्यासारखी.

आणि मंगळवार. असरची बांग झाली तेव्हा कुठे होती ती? इनायातने वेळ विचारली होती. सुहैरला वेळ अगदी मिनिटासकट आठवत होती. बाहेरच्या अंगणात जागा मिळाली, नमाज झाला आणि तिथून उठून तिघी जवळच्याच एका पायरीवर बसल्या, लसणाच्या चटणीत बुडवून तळलेली कोंबडी खायला. तिथं अवातिफने नक्कल केली. छाती पुढे काढली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि इनायातच्या आवाजात म्हणाली, "सुहैर! हाड डाव्या हाताने धरतात का? अकरा पिना कुठायत?" तहानीला ठसका लागला. सुहैर पोट धरून वाकली, डोळ्यांतून पाणी आलं, लसणाची बोटं तशीच डोळ्यांना लागली आणि डोळे झोंबू लागले, तरी हसू थांबेना. समुद्रापलीकडे, बाकोसमधल्या त्या खोलीत, ठीक तेव्हा एका माणसाच्या तोंडात तीन महिन्यांनी शब्द आला होता.

बातमी तिच्या आधी खोलीत पोचली होती. ती तान्तावाली वाटेत अवातिफला भेटली होती. सुहैर परत आली तेव्हा चौथ्या खाटेवर केळी, खजूर आणि तान्ताच्या बाईने पाठवलेला चण्यांच्या मिठाईचा डबा मांडलेला होता, आणि अवातिफचं नाक रडून लाल झालं होतं.

"बाई गं," ती सुहैरच्या गळ्यात पडली. "मला वाटायचं तू कोरडी. फळ्यावर आकडे मांडणारी. आणि बघ!"

"अगं, सोड मला."

"नाही सोडणार. तुझा हात डोक्यावर ठेव माझ्या. माझ्या सुनेला मूल होत नाही."

"अवातिफ!"

"ठेव म्हणते ना!"

तहानी न्हाणीघरातून चक्क पाच मिनिटांत बाहेर आली. केस पंच्यात गुंडाळलेले, चेहरा गंभीर. "मी तर त्यांचं नाव ओझरतंच घेतलं," ती म्हणाली. "लाज वाटतेय मला. तू किती वेळ मागितलंस गं?"

"तहानी, ऐक. माझं जरा वेगळं..."

"हेच! हेच तर!" अवातिफ म्हणाली. "ज्याचं ऐकलं जातं तो असाच लाजतो. माझे मामा होते असे."

"तुझे मामा दुधात पाणी घालायचे," तहानी म्हणाली.

"पण लाजायचे!"

त्या हसल्या. सुहैरला हसता आलं नाही. तिला एकदम त्या दोघींचा राग आला, त्यांच्या केळ्यांचा, त्या डब्याचा. खरं बोलायला जावं तर लोक विनय समजतात, ही काय आफत! ती चपलांची पिशवी उचलून बाहेर पडली. "जाऊन येते," म्हणाली. मागून अवातिफ कुजबुजल्याचं तिने ऐकलं, "शुकराना करायला गेली."

ती एकटीच हरममध्ये गेली. वरच्या मजल्यावर कठड्याशी जागा मिळाली, खाली माणसांचा तो अखंड फेर. आता घेऊन टाकू नाव, तिने ठरवलं. पण आता काय म्हणून घ्यायचं? मागायचं होतं ते तर मिळून गेलेलं. गणित सुटल्यावर मधल्या पायऱ्या भरणाऱ्या मुली तिने पुष्कळ पाहिल्या होत्या; त्यांची उत्तरं बरोबर असली तरी ती शून्य देत असे, आणि आई-बाप भांडायला आले तरी बदलत नसे. तिने तोंड उघडलं आणि "फिक्री" एवढंच म्हणून मिटलं. शेजारच्या बाईने तिला झमझमच्या विहिरीचं पवित्र पाणी पुढे केलं. तिने घेतलं, प्यायली, रडली. तिला वाटलं, आपण मागितलं ते तिथं ऐकलं गेलं नसेल असं तर नाहीच. ऐकलं गेलं, आणि बाजूला ठेवलं गेलं. कुणीतरी आपल्या तोंडातली घाण ओंजळीत धरून मुकाट्याने टाकून दिली, आणि आता सगळं गाव आपल्याला अत्तर विचारतंय. ती उठली. इनायातला सांगायचं. आजच, आत्ता. ती बोलणं टाकेल, टाकू दे. शाळेत तोंड फिरवील, फिरवू दे. जे आहे ते बोलतेस, असं जिने म्हटलं तिला निदान जे आहे ते तरी मिळायला हवं.

हॉटेलच्या जिन्यात, नवव्या आणि दहाव्या मजल्यांच्या मध्ये, जिथे लिफ्टला कंटाळलेलं माणूसही येत नाही, तिथे पायरीवर बसून तिने फोन लावला. चित्राचा नाही, नुसत्या आवाजाचा. तोंड दाखवायचं धाडस नव्हतं.

"सुहैर! किती वाट बघायला लावायची!" इनायातचा आवाज घोगरा झाला होता. "थांब, मोठ्या आवाजावर लावते, हात रिकामा नाही. हं, बोल. इथेच त्याच्याजवळ बसलेय मी."

"इनायात, मला तुला काहीतरी सांगायचंय. शेवटपर्यंत ऐक. मध्ये बोलू नकोस."

"आधी मी सांगते."

"नाही, आधी मी."

"सुहैर, मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, आधी मी." मग आवाज खाली आला, इतका की सुहैरने मोबाइल कानात खुपसला. "तो झोपलाय. तुला म्हणून सांगते, आणखी कुणाला सांगायची माझी छाती नाही. तुला मी त्याच्यासाठी मागायला सांगितलं ना? आणि मी इथे काय मागत होते माहितेय? रोज. त्याला वळवताना, त्याचं धुताना. ने त्याला, म्हणत होते. ने आणि मला झोपू दे. एकदा तर मोठ्याने म्हटलं. त्याने ऐकलं असेल, सुहैर. डोळे उघडे होते त्याचे."

सुहैरने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मंगळवारी तो माझं नाव घेतो! दुसरं काही नाही, पाणी नाही, अल्ला नाही, माझं नाव. मला वाटलं मी तिथेच मरेन. मग तू आठवलीस. म्हटलं, माझं ऐकलं नाही अल्लाने, सुहैरचं ऐकलं. तिथं कुणीतरी फिक्रीच्या बाजूने उभं होतं. त्याच्या बायकोने त्याला सोडलं, पण एक माणूस होतं. होतं ना? ह्या एकाच गोष्टीवर मी कालपासून उभी आहे गं. नाहीतर मी त्याच्याकडे बघू कशी?" तिने नाक ओढलं. "आता तू सांग. काय सांगायचं होतं?"

जिन्यात वरून कुठलंसं दार आपटलं. सुहैरने भिंतीला डोकं टेकलं. भिंत गार होती. आपली सुटका एका वाक्यावर आहे हे तिला दिसत होतं. ते वाक्य तिने हरमपासून इथपर्यंत पाठ करत आणलं होतं. आणि ते वाक्य टाकलं की ते नेमकं कुणाच्या अंगावर पडणार हेही दिसत होतं. पुन्हा आपलीच सुटका, तिच्या मनात आलं.

"तेच," ती म्हणाली. "वेळ विचारली होतीस तू. मंगळवारी. असरनंतर लगेच."

"कितव्या फेरीत?"

"पाचव्या."

"नबविय्याचा मुलगा म्हणालीस?"

"म्हणाले."

"मोठ्याने?"

"मोठ्याने, इनायात. मागच्या बायका थांबून बघायला लागल्या, इतक्या मोठ्याने."

पलीकडे एक लांब हुंदका आला आणि त्यातच विरला. "मग मी जरा आडवी होते," इनायात म्हणाली. "इथेच, त्याच्या पायाशी. तू फोन ठेवू नकोस. बोलत राहा काहीतरी. तहानी अजून न्हाणीघर अडवते का?" सुहैर बोलत राहिली. मुलुखिय्याच्या चहाचं सांगितलं, भलत्या दरवाजाचं सांगितलं. एकदा इनायात हसली. मग हुंकार आले, मग तेही थांबले आणि घोरणं सुरू झालं, तीन महिने तुंबून राहिलेलं.

सुहैर फोन बंद करणार, तेवढ्यात तिकडून दुसराच आवाज आला, जाड, ओला, लाकूड ओढल्यासारखा. "नू... ना." मग पुन्हा, मोठ्याने. "नूना."

इनायात उठेल, ह्या धास्तीने सुहैर घाईघाईने बोलली, "उस्ताद फिक्री, मी सुहैर बोलतेय. मक्केहून. झोपू द्या तिला. खूप दिवसांनी झोपलीय."

आवाज थांबला. ते ऐकत होते. त्यांचा श्वास जवळच होता, फोन बहुधा त्यांच्या उशीपाशी पडला असावा. आणि तिला जे दिवसभर कुणाला सांगता आलं नव्हतं ते तिच्या तोंडून त्या श्वासाला उद्देशून बाहेर पडलं. "उस्ताद, मी तुमचं नाव घेतलं नाही. तिला सांगितलं ते खोटं आहे. तुमच्या नावापाशी आले आणि पान उलटलं. तुम्ही जावं असं माझ्या मनात आलं, म्हणून. तिचं सोडा, ती दमली होती. मी दमलेसुद्धा नव्हते."

इनायातचं घोरणं तेवढं चालू होतं. सुहैर ओठ मिटून बसली, कसली वाट बघतोय ते न कळता. मग उस्ताद फिक्रींनी त्यांच्यापाशी होता तो एकुलता एक शब्द पुन्हा उच्चारला. ह्या वेळी हळू उच्चारला, पायाशी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतक्या हळू.